बीबीसी टेलिव्हिजनचा १९५० च्या दशकातला एक दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या ब्रिटिश टीव्हीचे कार्यक्रमांचे तक्ते, संच आणि चित्रफिती यांच्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मधोमध धरला आहे तो १९५४ च्या आसपासचा लंडनमधला एखादा साधा कामाचा दिवस. त्याच्या आगेमागे १९४६ ते १९६० पर्यंतचं जे लागेल ते घेतलं आहे. वेळा ब्रिटनच्या आहेत.

एका दिवसात कार्यक्रम किती तास असत?

साधारण पाच-सहा तास, आणि तेही सलग नाहीत. सकाळी दुकानदारांसाठी चाचणी प्रक्षेपण. दुपारी तीनच्या सुमारास गृहिणींसाठी काहीतरी आणि त्याच्या शेपटीला अगदी लहानग्यांसाठी पाव तास. पाच ते सहा शाळेतून आलेल्या मुलांचा तास. मग पडदा कोरा. साडेसात-आठला रात्रीचा मुख्य भाग सुरू होई आणि साडेदहा-अकराच्या दरम्यान सगळं बंद.

चोवीस तास चॅनेल बघायची सवय असलेल्यांना हे कार्यक्रमांच्या मधे सुट्ट्या असल्यासारखं वाटतं. खरं तर दिवस सुट्टीचा होता आणि कार्यक्रम मधेमधे. हा तक्ता वाचताना कोऱ्या जागांकडे आधी बघावं, कारण त्या काळाचे कायदे, पैसा आणि यंत्रं या तिन्हींचा पत्ता तिथेच लागतो.

हे तास कोण ठरवत असे? बीबीसी स्वतः?

नाही. वायरलेसचा सगळा कारभार टपाल खात्याकडे होता, त्यामुळे तासांची मर्यादा पोस्टमास्टर जनरल घालून देई. हा मंत्री असे, पोस्टातला अधिकारी नव्हे. १९५५ मध्ये जाहिरातींवर चालणारी आयटीव्ही आली तेव्हा दोन्ही वाहिन्यांना आठवड्याला ५० तासांची मर्यादा ठरली. काही प्रकारचे कार्यक्रम या हिशेबाबाहेर असत, म्हणून तक्त्यांची बेरीज कधीकधी ५० च्या वर जाते. तो तुमचा हिशेब चुकलेला नसतो. तासांवरचं नियंत्रण जानेवारी १९७२ मध्ये उठलं.

संध्याकाळी सहा ते सात काहीच का दिसत नाही? छापायचं राहिलं का?

राहिलेलं नाही. तो तास मुद्दाम बंद असे. आईवडिलांना मुलांना आंघोळ घालून, जेवू घालून झोपवता यावं, आणि 'टीव्ही संपला, चला' असं सांगता यावं, हा त्यामागचा विचार. 'टॉडलर्स ट्रूस', म्हणजे पोरांपुरता तह, असं त्याचं नाव पडलं.

बीबीसीला हा तास सोयीचाच होता, कारण तेवढ्या तासाचा खर्च वाचे. आयटीव्हीला मात्र जाहिरातींचा एक चांगला तास रोज बुडत होता, त्यामुळे ओरड त्या बाजूने झाली. पोस्टमास्टर जनरल चार्ल्स हिल यांनी बंदी उठवली आणि शनिवार, १६ फेब्रुवारी १९५७ रोजी बीबीसीने त्या वेळेत 'सिक्स-फाइव्ह स्पेशल' हा तरुणांचा संगीताचा कार्यक्रम लावला. सोमवारी १८ तारखेपासून क्लिफ मिशेलमोर यांचं 'टुनाइट' सुरू झालं. तुमच्या हातातला तक्ता या तारखेच्या आधीचा की नंतरचा, हे सहाच्या पुढची ओळ बघून लगेच कळतं.

सकाळी प्रेक्षक नसताना प्रक्षेपण कशासाठी?

दुकानदारांसाठी. संच दुकानात चालू करून दाखवायचा, गिऱ्हाइकाच्या घरी ॲंटेना बसवून जुळवून द्यायचा, तर हवेत काहीतरी सिग्नल पाहिजे. म्हणून कामाच्या दिवशी सकाळी प्रात्यक्षिकाची फिल्म दाखवत. बाकी वेळ टेस्ट कार्ड आणि संगीत किंवा एकसुरी टोन.

१९४८ पासूनचं कार्ड म्हणजे टेस्ट कार्ड 'सी'. मुलगी आणि विदूषकाची बाहुली असलेलं जे कार्ड सगळ्यांच्या लक्षात आहे ते 'एफ'. ते जुलै १९६७ मध्ये रंगीत टीव्हीबरोबर आलं. १९५० च्या दशकावरच्या लेखाला ते चित्र जोडलेलं दिसलं की समजावं, लिहिणाऱ्याने फोटो घाईत शोधला आहे.

टेस्ट कार्ड 'सी' वापरून संच कसा जुळवत?

आधी संच पाच-दहा मिनिटं तापू द्यायचा. व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या, गरम होईपर्यंत चित्राचा आकार आणि फोकस दोन्ही सरकत राहतात, त्यामुळे थंड संचावर केलेली जुळवणी पाच मिनिटांत वाया जाते.

मग ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट. कार्डाच्या मधल्या वर्तुळात पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पाच पायऱ्यांची पट्टी असते. कॉन्ट्रास्ट पूर्ण खाली आणायचा आणि ब्राइटनेस पडदा जेमतेम उजळेल एवढाच ठेवायचा. नंतर कॉन्ट्रास्ट वाढवत पाचही पायऱ्या वेगळ्या दिसतील तिथे थांबायचं. वरच्या दोन पायऱ्या एकमेकींत मिसळल्या तर कॉन्ट्रास्ट जास्त झाला. खालच्या दोन मिसळल्या तर ब्राइटनेस कमी पडला. बरेच लोक भर दुपारी, खिडकीचा उजेड पडद्यावर असताना जुळवत आणि रात्री चित्र धुतल्यासारखं पांढरट दिसतं म्हणून तक्रार करत.

त्यानंतर आकार. वर्तुळ गोल दिसलं पाहिजे. उभं लांबट असेल तर उंची कमी करा किंवा रुंदी वाढवा. हे स्क्रू बहुधा मागे असतात. ३ एप्रिल १९५० पर्यंत चित्राचं प्रमाण ५:४ होतं, मग ४:३ झालं. त्याआधी घेतलेल्या संचाच्या चौकटीत नवं चित्र नीट बसत नाही. तो संचाचा बिघाड नाही.

शेवटी बारकाई. उभ्या रेषांचे गठ्ठे १ मेगाहर्ट्झपासून ३ मेगाहर्ट्झपर्यंत चढत जातात आणि ३ हीच त्या वेळच्या ४०५ रेषांच्या पद्धतीची कमाल मर्यादा. २.५ चा गठ्ठा सुटा दिसला तर संच चांगला. ३ चा दिसला तर फारच चांगला, आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवण्याजोगा. फक्त मध्यभागच स्पष्ट आणि कोपऱ्यातल्या तिरप्या रेषा पुसट असतील तर फोकस मध्य आणि कोपरे यांच्या दरम्यान तडजोड करून ठेवायचा.

४०५ रेषा म्हणजे नेमकं काय?

एक चित्र ४०५ आडव्या रेषांत विभागलेलं. त्यांपैकी ३७७ रेषांत चित्र, उरलेला वेळ किरण खालून परत वर न्यायला. सेकंदाला २५ चित्रं, प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत: आधी एकाआड एक रेषा, मग मधल्या. ४०५ गुणिले २५ म्हणजे सेकंदाला १०,१२५ रेषा. संचातून येणारी ती बारीक शिट्टी याच कंप्रतेची असे. मुलांना ती हमखास ऐकू येई, आजोबांना नाही.

ॲंटेना एवढी मोठी का? घरांवर 'एच' अक्षर कशाचं?

लंडनमध्ये ॲलेक्झांड्रा पॅलेसवरच्या मनोऱ्यावरून चित्र ४५ मेगाहर्ट्झवर आणि आवाज ४१.५ वर येई. ४५ मेगाहर्ट्झच्या लहरीची अर्धी लांबी साडेतीन मीटरला थोडी कमी. धातूच्या नळीसाठी थोडी वजावट केली की डायपोल, म्हणजे ॲंटेनाची मुख्य नळी, सुमारे ३.१५ मीटर, म्हणजे दहा फुटांच्या वर भरतो. प्रक्षेपण उभ्या ध्रुवणाचं, म्हणून नळीही उभी. तिच्या मागे थोडी लांब दुसरी नळी परावर्तक म्हणून लावली आणि आडव्या दांडीने दोन्ही जोडल्या की 'एच' तयार. परावर्तक मनोऱ्याच्या विरुद्ध बाजूला हवा. तो उलटा बसला तर मुळातला सिग्नल अडतो आणि नको ती परावर्तनं आत येतात.

बर्मिंगहॅमच्या बाजूला, सटन कोल्डफील्डहून (सुरू १७ डिसेंबर १९४९) चित्र ६१.७५ मेगाहर्ट्झवर होतं, म्हणून तिथल्या नळ्या सुमारे २.३ मीटरच्या. लंडनहून बिऱ्हाड हलवताना ॲंटेनाही बरोबर नेणाऱ्यांचं चित्र तिथे मरगळलेलं येई, त्याचं कारण हे. पुढे होल्म मॉस (ऑक्टोबर १९५१), कर्क ओ'शॉट्स (मार्च १९५२) आणि वेन्व्हो (ऑगस्ट १९५२) आल्यावर उत्तर इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये टीव्ही पोचला. लंडनसाठी मार्च १९५६ पासून क्रिस्टल पॅलेसचा मनोरा.

चित्रातले नेहमीचे बिघाड कोणते आणि का?

चित्र वर किंवा खाली पळतंय: फ्रेम होल्ड, म्हणजे चित्र उभ्या दिशेत थांबवणारं बटण, हलवा. थांबतं आणि पाच मिनिटांत पुन्हा पळतं, तर व्हॉल्व्ह किंवा रेझिस्टर तापून सरकतोय. रोज संध्याकाळी बटण फिरवत बसण्यापेक्षा तो बदला.

चित्राच्या तिरप्या चिंध्या: लाइन होल्ड, म्हणजे तसंच आडव्या रेषांचं बटण.

पडद्यावर पांढरे ठिपके आणि आवाजात कडकड: रस्त्यावरची मोटार. या पद्धतीत सिग्नल जितका जोरदार तितकं चित्र पांढरं, त्यामुळे मोटारच्या स्पार्क प्लगचा प्रत्येक झटका पांढरा ठिपका होऊन उमटतो. आपल्याकडच्या ६२५ रेषांच्या टीव्हीत हे उलटं असतं, म्हणून दूरदर्शनवर असल्या झटक्यांचे ठिपके काळे दिसत. १९५३ पासून ब्रिटनमध्ये नव्या मोटारींना अडथळारोधक बसवणं सक्तीचं झालं. जुन्या गाड्या अर्थातच पुढची कित्येक वर्षं ठिपके टाकत राहिल्या.

भूत, म्हणजे प्रत्येक आकृतीच्या उजवीकडे तिची फिकट सावली: टेकडीवरून किंवा गॅसच्या टाकीवरून परतून आलेला सिग्नल उशिरा पोचतोय. किती लांबून, हे पट्टीने मोजता येतं. चित्र २५ सेंटिमीटर रुंद असेल तर ती रुंदी काटायला किरणाला सुमारे ८० मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे सावली एक सेंटिमीटर सरकलेली असली की परतून आलेल्या लहरीने जवळजवळ एक किलोमीटर जास्त प्रवास केला आहे. नकाशावर तेवढा फेरा पडेल अशी उंच वस्तू शोधा आणि ॲंटेना थोडी फिरवा. सिग्नल जरा कमी झाला तरी चालेल, भूत गेलं पाहिजे.

चित्र चारी बाजूंनी आकसलं: थंडीच्या रात्री सगळ्यांचे विजेचे शेगडे चालू झाले की मेन्सचा दाब उतरतो. दाब ठीक असूनही आकसत असेल तर रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारा भाग, थकला.

पडद्यावर फक्त एक झगझगीत आडवी रेष: फ्रेमचं सर्किट बंद पडलं. ब्राइटनेस ताबडतोब खाली आणा. नाहीतर ट्यूबवर ती रेष कायमची भाजली जाते.

मधोमध तपकिरी डाग: चित्राच्या ट्यूबमधल्या जड आयनांनी पडद्याचा उजळणारा लेप जाळला. ट्यूबच्या गळ्यावरचं, हे आयन अडवणारं आयन-ट्रॅपचं चुंबक सरकलं की हे होतं. गेलेला लेप परत येत नाही.

बंद केल्यावर मध्यभागी पांढरा ठिपका का राहतो?

किरण डावी-उजवीकडे आणि वर-खाली फिरवणारी सर्किटं लगेच थांबतात. ट्यूबचा कॅथोड मात्र अजून गरम असतो आणि उच्च दाबाचा साठाही काही सेकंद टिकतो. उरलेला किरण मध्यावर एकाच जागी पडत राहतो.

टीव्हीचं लायसन्स किती रुपयांचं होतं?

पौंडांचं. जून १९४६ पासून रेडिओ आणि टीव्ही मिळून वर्षाला २ पौंड, १९५४ पासून ३, आणि १९५७ पासून ४. या चारातला एक पौंड सरकारचा कर होता, बीबीसीच्या वाट्याचा नव्हे. १९४७ मध्ये लायसन्सं १५ हजारांच्या आत होती, १९५३ मध्ये २१ लाखांच्या पुढे, आणि १९५५ मध्ये ४५ लाखांच्या आसपास. लायसन्स न काढता बघणाऱ्यांना हुडकायला टपाल खात्याने १९५२ मध्ये ॲंटेना लावलेल्या गाड्या रस्त्यावर आणल्या.

'वॉच विथ मदर' रोज वेगळं असे का?

हो, लहानग्यांचा दुपारचा तो पाव तास वारानुसार बदले. 'ॲंडी पॅंडी' जुलै १९५० मध्ये आला, 'फ्लॉवर पॉट मेन' डिसेंबर १९५२ मध्ये, 'रॅग, टॅग अँड बॉबटेल' १९५३ मध्ये. १९५५ मध्ये आणखी दोन जमा झाल्यावर आठवडा भरला: सोमवारी 'पिक्चर बुक', मंगळवारी ॲंडी पॅंडी, बुधवारी फ्लॉवर पॉट मेन, गुरुवारी रॅग टॅग, शुक्रवारी 'द वूडनटॉप्स'.

यातली गंमत अशी, की सगळा टीव्ही थेट आणि क्षणभंगुर असताना ही बाहुल्यांची पाव-पाव तासाची प्रकरणं फिल्मवर होती. ॲंडी पॅंडीचे मूळचे अवघे २६ भाग १९७० पर्यंत फिरवून फिरवून दाखवले. पाच वर्षांच्या प्रेक्षकांची दर दोन-तीन वर्षांनी नवी तुकडी येते, तेव्हा कोणाच्या लक्षात येणार? एका पिढीचं नाट्य हरवलं आणि बाहुली शाबूत राहिली, त्याचं कारण एवढंच.

कुंभाराच्या चाकाची ती फिल्म कशासाठी?

मधली जागा भरायला. एक थेट कार्यक्रम लवकर संपला, पुढच्याचा सेट उभा राहतोय, किंवा कॅमेरा तापेना, तर 'इंटरल्यूड' लावत. कुंभाराचं चाक हे त्यांतलं सगळ्यांत प्रसिद्ध, १९५३ चं. त्यातले हात जॉर्ज ओबर्तां या कारागिराचे. मडकं मात्र कधीच पूर्ण होत नाही, कारण फिल्म कुठेही तोडता यावी अशीच घेतलेली. लोकरीच्या गुंड्याशी खेळणारं मांजराचं पिल्लू, पवनचक्की, आणि लंडन ते ब्रायटन हा रेल्वेप्रवास चार मिनिटांत दाखवणारी फिल्म, ही इतर काही.

प्रक्षेपणच तुटलं तर वेगळी पाटी येई, लवकरच पूर्ववत होईल अशा अर्थाची. 'रुकावट के लिए खेद है' हे ज्यांना पाठ आहे त्यांना ती नवी वाटणार नाही.

निवेदक खरंच रात्रीच्या मेजवानीच्या पोशाखात येत?

येत. सिल्व्हिया पीटर्स, मेरी माल्कम आणि मॅकडॉनल्ड हॉबली ही तिघं १९५० च्या पूर्वार्धात घरोघरी ओळखीची होती. संध्याकाळी बायकांना लांब झगा, हॉबलींना काळा डिनर सूट. आपण पाहुणे म्हणून लोकांच्या बैठकीच्या खोलीत जातो, ही त्यामागची समजूत. बिघाड झाला, वेळ उरला, तर कागद न बघता बोलत राहणं हेही त्यांचंच काम.

बातम्या देणाऱ्याचा चेहरा का दिसत नसे?

५ जुलै १९५४ पर्यंत टीव्हीच्या रोजच्या बातम्याच नव्हत्या. जानेवारी १९४८ पासून चित्रपटगृहातल्यासारखी न्यूजरील असे, आणि रात्री शेवटी रेडिओच्या बातम्या नुसत्या ऐकवत. तक्त्यात त्यापुढे 'फक्त ध्वनी' असं लिहिलेलं सापडतं. ५ जुलैला रिचर्ड बेकर यांच्या आवाजात 'न्यूज अँड न्यूजरील' सुरू झालं, पण पडद्यावर नकाशे, स्थिरचित्रं आणि फिल्म. वाचणाऱ्याच्या भुवया हलल्या तरी बीबीसीचं मत दिसेल, अशी धास्ती होती. ४ सप्टेंबर १९५५ रोजी केनेथ केंडल पडद्यावर दिसले. १८ दिवसांनी आयटीव्हीच्या बातम्या येणार होत्या, हा योगायोग मानू नये.

याच काळात आणखी एक बंधन होतं. संसदेत ज्या विषयावर पुढच्या चौदा दिवसांत चर्चा होणार असेल त्यावर प्रक्षेपणात चर्चा करायची नाही. सुएझ कालव्याच्या संघर्षाच्या वेळी ते अगदीच हास्यास्पद ठरलं आणि १९५६ च्या अखेरीस बाजूला पडलं.

हवामान कधीपासून?

हवामान सांगणारा माणूस पडद्यावर दिसला तो ११ जानेवारी १९५४, रात्री ७.५५ ला: जॉर्ज कौलिंग. पाच मिनिटं, कागदी नकाशे आणि कोळशाची कांडी.

एकच नाटक रविवारी आणि गुरुवारी छापलेलं दिसतं. पुनःप्रक्षेपण का?

नाही, पुन्हा प्रयोग. आपल्या रंगभूमीच्या भाषेत सांगायचं तर दुसरा खेळ. रविवारी रात्री नट जिवंत उभे राहून नाटक करत, सोमवार ते बुधवार सुट्टी, आणि गुरुवारी सगळे परत त्याच सेटवर. फिल्मवर उतरवून पुन्हा दाखवण्याला कलाकारांच्या आणि वादकांच्या संघटनांचा विरोध होता, आणि उतरवलेल्या चित्राचा दर्जाही बेताचा.

स्टुडिओतली कसरत समजायला जागेचं माप बघा. ॲलेक्झांड्रा पॅलेसचे दोन स्टुडिओ प्रत्येकी ७० बाय ३० फूट. तेवढ्यात चार-पाच सेट, त्यांच्यामधून फिरणारे कॅमेरे, मायक्रोफोनची लांब दांडी, आणि भिंतीला पाठ लावून धावणारा नट, ज्याला तीस सेकंदांत पोशाख बदलून दुसऱ्या खोलीत शांतपणे चहा पीत बसलेलं दिसायचं आहे. म्हणून बाहेरची दृश्यं आधीच फिल्मवर घेऊन मधे पेरत. तेवढ्या वेळात माणसं आणि कॅमेरे हलवायचे. जुनं नाटक बघताना चित्राचा पोत अचानक बदलला की समजा, आता आत पळापळ चालली आहे. १९५० पासून लाइम ग्रोव्हच्या जुन्या चित्रपट स्टुडिओत जास्त जागा मिळाली. खास टीव्हीसाठी बांधलेलं टेलिव्हिजन सेंटर सुरू व्हायला जून १९६० उजाडला.

ऑर्वेलच्या कादंबरीवरचं 'नाइन्टीन एटी-फोर' हे यातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण. रविवार, १२ डिसेंबर १९५४ च्या प्रयोगाने इतकी खळबळ झाली की पार्लमेंटमध्ये विषय निघाला. तरी गुरुवारी १६ तारखेला प्रयोग झालाच. आज जो उपलब्ध आहे तो हा गुरुवारचा. पहिला हवेत विरला.

रात्र कशी संपत असे?

राष्ट्रगीत, मग पडदा काळा. संच बंद करायची आठवणही करून देत. झोप लागलेला प्रेक्षक आणि तापलेले व्हॉल्व्ह, दोन्ही असलेल्या घरात ही सूचना कामाची होती.

२ जून १९५३ हा दिवस तक्त्यात एवढा वेगळा का?

एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक. सकाळी सव्वादहापासून दुपारभर सलग थेट प्रक्षेपण, जे एरवीच्या सगळ्या सवयी मोडणारं होतं. वेस्टमिन्स्टर ॲबीत कॅमेऱ्यांना आधी नकार होता, मग परवानगी मिळाली. तैलाभिषेकाचा क्षण मात्र दाखवायचा नाही या अटीवर. आत समालोचन रिचर्ड डिंबलबी यांचं. प्रेक्षक दोन कोटींच्या वर, लायसन्सं सुमारे २१ लाख. म्हणजे एका संचापुढे किती खुर्च्या लागल्या असतील ते बघा, आणि पडदा बहुधा नऊ किंवा बारा इंची. कॅनडासाठी पडद्यावरून फिल्मवर उतरवलेलं चित्र कॅनबेरा जेट विमानांनी त्याच दिवशी अटलांटिकपार नेलं.

जुन्या संचावर आयटीव्ही का दिसत नसे?

२२ सप्टेंबर १९५५ ला लंडनमध्ये ती आली ती १९४.७५ मेगाहर्ट्झवर. जुने संच ४१ ते ६८ च्या पट्ट्यातच ऐकत. संचावर कन्व्हर्टरची डबी आणि छपरावर दुसरी, छोट्या नळ्यांची ॲंटेना, असा दुहेरी खर्च होता.

त्या दिवसाचं चित्रमुद्रण कुठे बघायला मिळेल?

बहुतेक दिवसांचं मिळणार नाही, कारण ते झालंच नाही. १९४७ च्या नोव्हेंबरपासून टेलिरेकॉर्डिंग होतं, म्हणजे पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून उतरवणं. पण ते मोठ्या सोहळ्यांसाठी राखलेलं. शिवाय काही पद्धतींत दोन हप्त्यांपैकी एकच हप्ता फिल्मवर येई, म्हणजे चित्रातल्या निम्म्या रेषा गळत. १९५३ च्या 'क्वाटरमास एक्सपेरिमेंट' या विज्ञानकथा मालिकेचे सहापैकी पहिले दोनच भाग उतरवले. दुसऱ्यात पडद्यावर बसलेला किडाही उतरला आहे.

बीबीसीचं स्वतःचं टेपयंत्र 'व्हेरा' एप्रिल १९५८ मध्ये 'पॅनोरामा' या घडामोडींच्या कार्यक्रमात दाखवलं गेलं. अर्धा इंची टेप सेकंदाला पाच मीटरच्या वेगाने धावे आणि वीस इंची रीळ पंधरा मिनिटांत संपे. लवकरच अमेरिकी ॲम्पेक्स कंपनीच्या टेपयंत्राने ते मोडीत काढलं.

मग एखाद्या तारखेचा तक्ता खात्रीने कसा जुळवायचा?

पहिली पायरी बीबीसीचं 'जिनोम' संकेतस्थळ. तिथे 'रेडिओ टाइम्स' या बीबीसीच्या कार्यक्रमपत्रिकेच्या साप्ताहिकाच्या जुन्या अंकांतल्या नोंदी तारखेनुसार सापडतात. पण लक्षात ठेवा: हा छापील इरादा आहे, प्रत्यक्ष घडलेला दिवस नाही. अंक आधी छापला जाई. क्रिकेट लांबलं, नट आजारी पडला, राजा वारला, तर छापील ओळ तशीच राही.

दुसरी पायरी रेडिंगजवळच्या कॅव्हरशॅम इथलं बीबीसीचं लिखित दस्तऐवजांचं केंद्र. तिथल्या 'प्रोग्राम ॲज ब्रॉडकास्ट' या नोंदींत खरोखर काय, किती वाजता गेलं, कोणतं संगीत वाजलं, ते मिळतं. शिवाय प्रदेश तपासा: लंडनची आवृत्ती आणि स्कॉटलंडची आवृत्ती यांत फरक असतो. आणि १९६० च्या शरदापर्यंत रेडिओ टाइम्सचा आठवडा रविवारी सुरू होई, शनिवारी नव्हे. एका दिवसाची चूक बहुधा इथेच होते.

या सगळ्याचा भारताशी काही संबंध?

थोडा, पण खरा. १९५० च्या दशकात 'ॲनिमल, व्हेजिटेबल, मिनरल?' या कार्यक्रमात तज्ज्ञ मंडळी संग्रहालयातली वस्तू हातात घेऊन ती काय, कुठली, कधीची हे ओळखत. त्यातले सर्वांत लोकप्रिय मॉर्टिमर व्हीलर, म्हणजे १९४४ ते १९४८ भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक आणि हडप्पा, अरिकमेडूचं उत्खनन करणारे. दुसरा दुवा पु. ल. देशपांडे यांचा: ते टीव्हीच्या प्रशिक्षणासाठी बीबीसीत गेले आणि दिल्लीच्या सुरुवातीच्या दूरचित्रवाणीत त्यांनी काम केलं. दिल्लीचं केंद्र १५ सप्टेंबर १९५९ ला सुरू झालं, मुंबईचं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि दोन्ही ६२५ रेषांवर.

जुना ४०५ रेषांचा संच मिळाला आहे. भारतात चालवता येईल का?

येईल, पण आधी प्लग लावू नका. हे प्रक्षेपण ब्रिटनमध्येही जानेवारी १९८५ मध्ये बंद झालं, त्यामुळे तुम्हाला ६२५ चं ४०५ करणारा कन्व्हर्टर लागेल, ज्याचं आउटपुट ४५ मेगाहर्ट्झवर चित्र आणि ४१.५ वर आवाज देईल. मेन्सची अडचण नाही: दोन्हीकडे ५० हर्ट्झ, फक्त मागची व्होल्टेजची खूण २३०-२४० वर आहे का बघा.

बहुतेक संचांत ट्रान्सफॉर्मर नसतो आणि धातूची चासी थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते. प्लग उलटा गेला तर सगळी चासी जिवंत. म्हणून काम करताना संचाला मेन्सपासून वेगळं ठेवणारा आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर हवाच. मेण लावलेले कागदी कपॅसिटर सगळे काढून नवे घाला, ते बिघडलेले आहेत का हे तपासत बसू नका. मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर व्हेरिॲकने, म्हणजे दाब कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने, दाब हळूहळू, काही तासांत वाढवत जागे करा. ते गरम झाले तर थांबा आणि बदला. शंका असेल तर मेन्सच्या मालिकेत १०० वॅटचा दिवा जोडा: तो भडकून पेटला तर आत शॉर्ट आहे.

१९४० च्या दशकातल्या संचांत ट्यूबचा उच्च दाब थेट मेन्स ट्रान्सफॉर्मरवरून घेतलेला असतो. हजारो व्होल्ट आणि मागे भरपूर करंट, म्हणजे हात लागला तर माणूस वाचत नाही. नंतरच्या संचांत तो दाब रेष संपून किरण परत येतानाच्या विजेच्या झटक्यातून मिळतो. हात लागला तर शॉक तिथेही जबर बसतो, पण करंट कमी. ट्यूब हाताळताना चष्मा घाला, गळ्याला धरून उचलू नका, आणि बंद केल्यावरही ॲनोड, म्हणजे ट्यूबचं उच्च दाबाचं टोक, जमिनीशी जोडून रिकामा केल्याशिवाय आत हात घालू नका.